अर्थिंग होईपर्यंत

भाऊजी गेल्याची बातमी मला कुणी येऊन सांगितली नाही. ना फोन आला, ना तार. मी तिथेच होते, त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर, मुलुंडच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर, कमरेवर हात ठेवून हसत उभी. त्याला आता सात आठवडे होतील. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे आणि ते मी लिहिणारच आहे, कारण माझ्या बहिणीच्या नवऱ्याइतका नीटस माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण खरं सांगायचं तर हा लेख लिहायला बसले ती एका शब्दासाठी. समाचाराला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी तो होता... 'निष्काळजीपणा'. एवढा सावध माणूस आणि शेवटी असा निष्काळजीपणा कसा काय केला, असं लोक म्हणायचे, ताई खाली बघत राहायची, आणि मी तिच्या शेजारी मांडीला मांडी लावून गप्प बसायचे. तो शब्द मला त्यांच्या नावापुढून पुसायचा आहे. तो कुणाच्या नावापुढे जायला हवा, तेही मला ठाऊक आहे.

भाऊजी भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांची चित्रं काढायची, सुताएवढी चूक होऊ द्यायची नाही, हे त्यांचं उभं आयुष्य. ताईला बघायला आले तेव्हा मी शाळकरी पोर होते, पोह्यांच्या बश्या घेऊन दाराआड उभी. मोठी माणसं पगार-पाण्याचं विचारत होती आणि या गृहस्थांची नजर मात्र भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीवर खिळलेली. शेवटी न राहवून ते उठले, तसबीर बोटभर डावीकडे सारली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि परत येऊन बसले. आईला वाटलं, स्थळ गेलं हातचं. मी आत येऊन ताईला सांगितलं, "नवरा मुलगी बघायला आलाय की भिंत, ते कळत नाहीये." ताई हसू दाबता दाबता लाल झाली होती. लग्नानंतर हे मी भाऊजींना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून त्यांची चेष्टा करणं हा माझा हक्कच झाला. घरात त्यांना उलट बोलायची कुणाची टाप नव्हती, मी सोडून. "कुंदाला सगळं माफ," असं ते म्हणायचे. हे वाक्य आता मला झोपू देत नाही.

मुलुंडचं घर म्हणजे बैठी तीन खोल्यांची बंगली. आजूबाजूला एकेक करून इमारती उठत चालल्या आहेत, पण भाऊजींनी आपला तुकडा सोडला नाही, आणि त्या तुकड्यातही त्यांचा जीव अडकला होता तो पुढच्या हिरवळीत. पाच-सहा खाटा मावतील एवढीच जागा. गवत स्वतः लावलेलं, आणि त्याच्या चारही कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. दर पंधरवड्याला दोन खुंट्यांना दोरी ताणून, पाटावर बसून, खुरप्याने ते कडेचं गवत छाटायचे. त्या हिरवळीवर चपला घालून जायला कुणालाही मुभा नव्हती. कडेशी आलं की चपला काढायच्या, जोडीने सरळ ठेवायच्या, मग गवतावर पाय. पोस्टमननेसुद्धा. "देवळात काढता ना, मग इथे का जड जातं?" असं त्यांचं म्हणणं. मी मुद्दाम एक चप्पल इकडे आणि एक तिकडे फेकायचे, आणि ते वाकून जोडी लावून ठेवायचे.

घराच्या आतही तसंच. ताईच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तूरडाळ, साखर, जिरे अशा चिठ्ठ्या, छापल्यासारख्या अक्षरात, ट्रेसिंग पेपरच्या कपट्यांवर. मीटरखाली कुठला फ्यूज हॉलचा, कुठला मोरीचा, तेही लिहिलेलं. डिंकाने कागद पिवळा पडतो म्हणून सगळं भाताच्या शितांनी चिकटवायचे. कुकर उघडला की ताई आठवणीने चार शितं वाटीत बाजूला काढायची. विजेच्या बाबतीत तर विचारूच नका. ताईला ओल्या हाताने बटण दाबू दिलं नाही त्यांनी कधी. बटणांच्या बाजूला खिळा ठोकून एक लहानसा नॅपकिन टांगला होता, फक्त हात पुसायला.

गेल्या डिसेंबरात त्यांचा पुतण्या अजित इंग्लंडहून आला. काकांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, हे त्याला पत्रातून कळलं होतं. म्हणून त्याने बॅगेत घालून एक यंत्र आणलं. विजेवर चालणारं, फक्त लॉनच्या कडा कापणारं. लांब दांडा, खाली लोखंडी पेटी, त्यात उभं फिरणारं पातं. उभ्या उभ्या ढकलत न्यायचं की कड सुरीने कापावी तशी कापली जाते. आमच्यापैकी कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. शेजारचे नाडकर्णी तर दोनदा येऊन बघून गेले. ताईने त्याचं नाव 'घरघऱ्या' ठेवून टाकलं. भाऊजी लहान मुलासारखे त्याच्याभोवती फिरत होते... आणि मग त्यांनी त्याची वायर हातात घेतली. तिकडचा जाड चौकोनी पिनांचा प्लग आपल्याकडे बसणार नव्हता, तो त्यांनी कापला. आतून तीन वायरी निघाल्या. तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. ओट्यावरच्या बोर्डाला होता दोनच भोकांचा जुना प्लग, आणि सबंध घराला अर्थिंग असं नव्हतंच.

"ही तिसरी कशाला?" मी विचारलं.

"यंत्राला आत काही झालं, तर वीज माणसातून न जाता हिच्यातून जमिनीत जावी म्हणून," भाऊजी म्हणाले. "हिला जागा मिळेपर्यंत घरघऱ्या झोपणार."

अजित म्हणाला, काका, कापून टाका की, सगळे कापतात. त्यांनी वायर गुंडाळून ठेवली. मग एक ट्रेसिंगचा कपटा घेतला, त्यावर लिहिलं, 'अर्थिंग होईपर्यंत हे यंत्र लावू नये', खाली तारीख टाकली, आणि तो शितांनी बोर्डावर, बरोबर प्लगच्या भोकांवर चिकटवला. यंत्रावर उशीचा जुना अभ्रा घातला. चार महिने ते ओट्याच्या कोपऱ्यात तसंच उभं होतं. येता-जाता ते पांढरं उभं काहीतरी दिसायचं आणि मला उगीच वाटायचं, कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं आहे. तसं मी ताईला म्हटलंही. ती म्हणाली, तुझं आपलं काहीतरीच.

अर्थिंगसाठी भाऊजींनी शिवराम वायरमनला बोलावलं. शिवराम जुना माणूस, मालवणकडचा, हात चांगला पण तारखेचा ठिकाणा नाही. भाऊजींनी त्याच्यापुढे रीतसर चित्र ठेवलं. नळाजवळ खड्डा, तळाशी तांब्याचा पत्रा, वर कोळसा आणि मीठ यांचे थर, प्रत्येक थराची जाडी लिहिलेली. शिवराम डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, गवत कापूच्या मशिनीसाठी एवढा?" मग म्हणाला, पाडवा झाला की येतो. भाऊजींनी माळ्याकडून खड्डा खणून घेतला, कमरेएवढा खोल. कोळशाचं पोतं आणि खडेमिठाचं पोतं ओट्यावर येऊन पडलं. पाडवा झाला. शिवराम आला नाही. खड्ड्यावर फळी टाकली होती, तरी त्या बाजूने जाताना ताई प्रत्येक वेळी मला ओरडायची, "खड्डा आहे गं, जपून!" सगळे त्या खड्ड्याला जपत होतो आम्ही.

ताईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी त्या हिरवळीवर असतं. बायका चपला काढून गवतावर बसतात, पन्हं पितात, कैरीच्या डाळीची वाटी हातात घेऊन तास तास गप्पा मारतात. त्यासाठी भाऊजींनी आदल्या दिवशी खुरप्याने कडा कापायला घेतल्या, पण दोन बाजू झाल्या आणि गुडघ्यांनी दगा दिला. सकाळी मी घाटकोपरहून मदतीला पोचले तेव्हा ते ओट्यावर खुर्ची टाकून उरलेल्या दोन कडांकडे बघत बसले होते. त्या कडा काही वाईट नव्हत्या हो. थोडं गवत वाटेवर आलं होतं, एवढंच. पण त्यांचा चेहरा असा, जणू कुणी त्यांच्या चित्रावर शाई सांडली आहे.

मला त्यांची दया आली, हे मला आवर्जून लिहायचं आहे. वाईट हेतूने काही केलं नाही मी. मी म्हटलं, "भाऊजी, तो घरघऱ्या कशाला ठेवलाय, पूजा करायला?" ते म्हणाले, अर्थिंग नाही झालं. मी म्हटलं, माझी इस्त्री पंधरा वर्षं काड्यांवर चालते, काय झालं? आमच्या चाळीत निम्म्या घरांत वायरीची टोकं भोकात घालतात आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकतात, पंखे फिरतात, रेडिओ वाजतात, कुणी मेलं नाही अजून. ते नुसते हसले. "नको गं कुंदा. हे बरोबर नाही." मग ते दोरी आणि खुंट्या आणायला मागे गेले, पुन्हा खुरप्यानेच बघू म्हणून. तेवढ्यात मी आतून काडेपेटी आणली. बोर्डावरचा कागद नखाने हळूच सोडवला. तो फाटला नाही, शितं सुकून सुटी झाली होती. तो माझ्या पर्समध्ये टाकला. अभ्रा काढला, तपकिरी वायर एका भोकात, निळी दुसऱ्यात, दोन काड्या ठोकल्या, आणि ती हिरवी-पिवळी उरली ती बोटाने बाजूला वाकवून ठेवली. तिचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. बटण दाबलं. घरघऱ्या सुरू झाला.

भाऊजी दोरी हातात घेऊन कोपऱ्यावर उभे राहिले. त्यांनी आधी यंत्राकडे बघितलं, मग बोर्डाकडे.

"कागद कुठे गेला?"

"माझ्या पर्समध्ये. हळदीकुंकू झालं की परत देते." आणि मग मी ते बोलले. "एवढं काय, घाबरता की काय भाऊजी?"

ते हसले. "मेव्हणीपुढे कोण हो म्हणणार?" असं म्हणाले. दोरी खाली ठेवली, कडेशी आले, चपला काढल्या, जोडीने सरळ ठेवल्या, आणि अनवाणी गवतावर उतरले. मी हे बघत होते. सकाळीच ताईने नळी लावून पाणी मारलं होतं, गवत चमकत होतं, तेही मी बघत होते. पहिली कड कोरडी होती, गेटाजवळची, उन्हातली. तिथून ते यंत्र ढकलत गेले आणि मागे जी रेघ उमटत गेली ती अशी सुंदर की भाऊजी टोकाला पोचून मागे वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आयुष्यात त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं असेल. आत ताईचा मिक्सर चालू होता, डाळ वाटत होती ती. मी ओरडले, "बघा! झालं का काही?" दुसरी कड नळाकडे जाते. तिथे पाणी साचतं. कोपऱ्यावर यंत्र वळेना, म्हणून त्यांनी एक हात दांड्यावरून काढला आणि खालच्या लोखंडी पेटीला धरून ती वळवायला वाकले...

आवाज काही झाला नाही. ते नुसते गुडघ्यावर बसले, जसे खुरपं घेऊन बसायचे तसेच, आणि मला वाटलं, काहीतरी अडकलं असेल पात्यात. मी हसत होते. दोन-तीन क्षण मी हसत होते. मग ते कुशीवर पडले. मी वायर ओढली, काडीसकट एक टोक बाहेर आलं, आणि यंत्र थांबल्यावर मिक्सरचा आवाज फार मोठ्याने येऊ लागला. नाडकर्णी धावत आले, गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी छाती दाबून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, आणि उभे राहून ताईकडे न बघता माझ्याकडे बघितलं. ताईचे हात कोपरापर्यंत डाळीने भरले होते.

यापुढचं लिहायला मी सात आठवडे घेतले. बोर्डात एक काडी अडकून राहिली होती. नाडकर्णींनी ती पाहिली आणि म्हणाले, "अरे रे, काड्या लावल्या होत्या त्यांनी." मी पर्स खांद्याला अडकवली. दुपारी पोलीस पंचनाम्याला आले. हवालदाराने मला विचारलं, "वायर त्यांनीच लावली ना?" आणि मी मान हलवली. त्याने लिहिलं, मयताने स्वतः. खाली माझी सही आहे. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवणाऱ्या बाईची, वळणदार सही. बोर्डावरून काढलेला भाऊजींचा कागद तेव्हा माझ्या खांद्याला अडकवलेल्या पर्समध्ये होता.

ताईला भाऊजींचा राग आला होता. दुःखापेक्षा राग जास्त, आणि तो बघवत नव्हता. "मला जन्मभर नॅपकिनला हात पुसायला लावले," ती म्हणायची, "आणि स्वतः काड्या लावल्या? का? दोन हात गवतासाठी?" डब्यांवरच्या चिठ्ठ्यांकडे बघून ती तोंड फिरवायची. एके दिवशी तिने साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी ओरबाडून काढली. मी समोर होते. मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "जाऊ दे गं ताई." ज्या माणसाने मला सगळं माफ केलं, त्याच्या बायकोच्या मनातून मी त्याला रोज थोडा थोडा उतरू देत होते.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी शिवराम आला. खांद्यावर तांब्याचा पत्रा. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. गेटातूनच हाक मारली, "साहेब! झाला उशीर, पण मिळाला एकदाचो." ताईने त्याला सांगितलं. तो ओट्याच्या पायरीवर बसला, पत्रा मांडीवर घेऊन. मग पत्रा बाजूला ठेवून त्याने यंत्राची पेटी उघडली. आतली वायर प्रवासात कुठेतरी घासून उघडी पडली होती. "तिसरी लावलेली असती तर फ्यूज उडालो असतो," तो म्हणाला, "बाकी काय होऊचा नव्हता." मग तो बोर्डापाशी गेला, ती काडी चिमटीने ओढून काढली आणि हातावर घेऊन उभा राहिला.

"ही साहेबांनी लावली?"

"हो," ताई म्हणाली.

"साहेबांनी?" त्याने पुन्हा विचारलं. "मी इतकी वर्षा ओळखतंय त्यांका. ते काडी लावूचे नाय." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्या नजरेत. त्याला खरंच कळत नव्हतं. मी पदर सारखा केला आणि चहा टाकते म्हणून आत गेले. खिडकीतून बघितलं तर ताई त्याला सांगत होती, खणलाच आहे तर भरून टाक. त्याने भाऊजींचं चित्र मागून घेतलं, आणि त्याबरहुकूम एकेक थर घातला... कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. संध्याकाळपर्यंत घराला अर्थिंग झालं.

गेल्या रविवारी मी मुलुंडला गेले. पर्समधून तो कपटा काढला आणि ताईच्या हातावर ठेवला. तिने वाचला. त्यांचं अक्षर, तारीख. मागच्या बाजूला सुकलेली चार शितं.

"कुठे होता हा?"

"माझ्याकडे. मीच काढला. काड्या मी लावल्या ताई. ते नको म्हणत होते. घाबरता का, असं मी म्हटलं त्यांना."

ती रडेल, मला मारेल, निघ म्हणेल, काहीही करेल असं वाटलं होतं. ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आली ती वाटीत चार शितं घेऊन. बोर्डापाशी उभी राहिली, नॅपकिनला हात पुसले, आणि कागद होता तिथे, होता तसा चिकटवला. एक पाऊल मागे जाऊन तो सरळ आहे का बघितलं. मी म्हटलं, मी हे पेपरात लिहिणार आहे, आणि पोलिसांकडेही जाणार आहे. ती माझ्याकडे वळली नाही. "ते नको म्हणाले होते, हे आधी लिही," एवढंच म्हणाली.

म्हणून लिहिते. भाऊजी नको म्हणाले होते.

निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. हिरवळीच्या तीन कडांचं गवत आता वाटेवर पसरलं आहे. गेटाजवळची एक कड मात्र अजून कळते, त्यांनी त्या सकाळी यंत्राने खोल कापलेली. गेटाकडे जायला ओट्यावरून उतरले आणि सवयीने गवताच्या कडेशी थांबले. चपला काढल्या. वाकून जोडी सरळ लावली, आयुष्यात पहिल्यांदा. एक पाय गवतावर टाकणार तोच मागून ताईचा आवाज आला.

"कुंदा, चप्पल घाल. गवत ओलं आहे."

मी घातल्या, आणि गवतावरून चालत गेले.